डॅम्पर बदलला म्हणून वॉबल जात नाही

साताऱ्यात जिमनी-जिप्सीवाल्यांच्यात एक समज पार रुतून बसलाय, हायवेला 70-80 च्या स्पीडला गाडी पुलाच्या जॉइंटवर आपटली आणि स्टीअरिंग हातातून सुटेल असं थडथडायला लागलं (हेच वॉबल) की म्हणायचं स्टीअरिंगचा डॅम्पर, म्हणजे हादरा शोषणारा शॉक-ॲब्सॉर्बर, गेला, नवा टाका.

अहो, डॅम्पर तो हादरा फक्त दाबतो, तयार होतो तो दुसरीकडंच. पुढं सॉलिड ॲक्सल म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्याला, त्यात कुठं प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला की एक खड्डा पुरतो. नवा डॅम्पर टाकून थोडे दिवस बरं वाटतं आणि तेवढ्यात बुश (जोडातलं रबर) अजून खाल्ला जातो, हे मला जास्त डेंजर वाटतं.

जिमनी असेल तर आधी पॅनहार्ड रॉड बघा, म्हणजे ॲक्सलला डावं-उजवं सरकू न देणारा आडवा दांडा; जिप्सीला तो नसतो. चाकं जमिनीवरच, हँडब्रेक ओढून इंजिन चालू ठेवा, एकाला स्टीअरिंग थोडं थोडं डावं-उजवं करायला लावा आणि रॉडच्या दोन्ही टोकांकडं नीट बघा, ढिला बोल्ट भोकात सरकताना चक्क दिसतो. मग टाय रॉड एन्ड (चाकं वळवणाऱ्या दांड्याची टोकं), किंगपिन बेअरिंग (चाक ज्यावर वळतं ते), टायरचं बॅलन्सिंग. गाडी उंच करायची लिफ्ट किट टाकली असेल तर कॅस्टर (चाक वळायच्या अक्षाचा मागं झुकलेला कोन) कमी होतो, तोही मोजून घ्या. डॅम्परमधनं तेल गळत असेल तर बदलाच की, पण हे सगळं बघून झाल्यावर.

आणि चालत्या गाडीत सुरू झालंच तर करकचून ब्रेक मारू नका, स्टीअरिंग घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा, स्पीड उतरला की थांबतं, मग गाडी बाजूला घ्या.