न भरणारी जखम आणि तिच्यामागचा माणूस

नाकपुडीच्या कडेला टाचणीच्या डोक्याहून थोडा मोठा, मोत्यासारखा चकाकणारा उंचवटा असतो. भिंगातून पाहिल्यास त्यावर केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या पसरलेल्या दिसतात. तोंड पुसताना त्यातून रक्त येते, खपली धरते, ती पडली की पुन्हा रक्त येते, आणि दाढी करताना कापले असेल अशा समजुतीवर माणूस महिनोन् महिने काढतो. मेलॅनोमा (त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग) वगळता अन्य त्वचाकर्करोगांच्या शस्त्रक्रियेसाठी येणारा रुग्ण पुष्कळदा असाच असतो: साठी उलटलेला, गोऱ्या वर्णाचा, बहुधा पुरुष आणि उन्हात बरीच वर्षे काढलेला. अनेक देशांतील कर्करोग नोंदणीत हे आजार धरलेच जात नाहीत, त्यामुळे या रुग्णांचे चित्र मुख्यत्वे रुग्णालयांच्या शस्त्रक्रिया नोंदींवरूनच उभे करावे लागते.

या गटात प्रामुख्याने दोन कर्करोग येतात. गोऱ्या वर्णाच्या लोकांत या गटातील साधारण चारपैकी तीन कर्करोग बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे बाह्यत्वचेच्या तळच्या थरातील पेशींसारख्या पेशींचे असतात; तो संथ वाढतो आणि शरीरात अन्यत्र क्वचितच पसरतो. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे बाह्यत्वचेच्या वरच्या चपट्या पेशींचा कर्करोग, अधिक आक्रमक असून तो लसीका ग्रंथींपर्यंत पोहोचू शकतो. पहिल्याची आवडती जागा नाक. दुसरा कानाची पाळी, खालचा ओठ, टक्कल पडलेला माथा आणि हाताची मागची बाजू येथे अधिक आढळतो. अतिनील किरणांमुळे पेशींच्या डीएनएमध्ये होणारे बिघाड बहुतांशी दुरुस्त होतात, पण जे राहतात ते साठत जातात. पेशींच्या वाढीला लगाम घालणारे पी५३ जनुकच त्यात निकामी झाले की गाठीला वाट मिळते. विशीतल्या उन्हाचा हिशेब सत्तरीत समोर येतो तो असा.

या चौकटीत न बसणारे रुग्ण मात्र डॉक्टरांना अधिक सावध करतात. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांत दोन्ही कर्करोगांचे प्रमाण उलटे होते आणि स्क्वॅमस सेल पुढे जातो. सावळ्या व काळ्या त्वचेच्या लोकांत तो उन्हापासून झाकलेल्या भागांवर, भाजल्याच्या जुन्या व्रणांवर किंवा वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमांवरही उद्भवतो, आणि संशयच न आल्याने निदानाला उशीर होतो. झिरोडर्मा पिग्मेंटोझम या आनुवंशिक विकारात डीएनएची दुरुस्ती नीट होत नसल्याने लहान मुलांवरही शस्त्रक्रियेची वेळ येते.

शस्त्रक्रिया बहुधा तेवढ्या भागापुरतीच भूल देऊन होते. कमी धोक्याच्या लहान बेसल सेल गाठीभोवती सुमारे ४ मिलिमीटर निरोगी त्वचा घेऊन ती काढतात. नाक-पापणीवर एवढी मोकळीक नसते. तेथे फ्रेडरिक मोज यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेत विकसित केलेली, एकेक थर काढून तो लगेच सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत उपयोगी पडते. रुग्ण वयस्क असल्याने रक्त पातळ करणारी गोळी किंवा पेसमेकर यांची चौकशी आधीच करावी लागते. गोळी सहसा बंद करत नाहीत, कारण पक्षाघाताचा धोका थोड्या रक्तस्रावाहून गंभीर असतो.

केवळ वयावर बोट ठेवून शस्त्रक्रिया नाकारणे मला पटत नाही. नव्वदीतल्या, अन्य आजारांनी थकलेल्या माणसाच्या पाठीवरची संथ वाढणारी बेसल सेल गाठ नुसती नजरेखाली ठेवता येते. तीच गाठ डोळ्याच्या कोपऱ्यात असेल, तर थांबण्याची किंमत डोळ्याने मोजावी लागू शकते.