सुटं नाणं किती खोलीवर सापडतं?

सातारा-सांगलीकडे जुना वाडा पाडायला काढला की हंड्याची गोष्ट गावभर होतेच. हल्ली त्या गोष्टीत मशीनवालाही येतो. दहा मीटर खोलीवरचं सोनं दाखवतो म्हणतो आणि आगाऊ रक्कम मागतो. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो. चांगल्या प्रतीच्या मेटल डिटेक्टरला रुपयाएवढं सुटं नाणं साधारण वीतभर खोलीवर, म्हणजे 20 ते 25 सेंटिमीटरवर सापडतं. जमीन साथ देणारी असेल आणि चालवणाऱ्याचा कान तयार असेल तर 30. दहा मीटरवर ते कुठल्याच मशीनला सापडत नाही.

कारण यंत्राच्या कामातच आहे. दांड्याच्या टोकाला जी चकती असते तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी वीज सोडतात. त्यामुळे खाली जमिनीत तितक्याच वेगाने बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते नाण्यातून गेलं की नाण्याच्या धातूत भोवऱ्यासारखे विजेचे प्रवाह फिरू लागतात. या प्रवाहांचं स्वतःचं एक क्षीण क्षेत्र असतं, ते वर येतं आणि चकतीतलं दुसरं वेटोळं ते टिपतं. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने 1881 मध्ये याच तत्त्वावरचं यंत्र घेऊन अमेरिकेचे जखमी राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायचा प्रयत्न केला होता. गोळी हाती लागली नाही. ती खोल होती, शोध चुकीच्या बाजूला चालला होता आणि गादीतल्या पोलादी स्प्रिंगांचाही अडथळा झाला असं मानतात.

म्हणजे संदेशाला जायचं अंतर आहे आणि यायचंही अंतर आहे, आणि दोन्ही वेळा तो झपाट्याने विरतो. वेटोळ्यापासून लांब गेल्यावर चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होतं. जाताना घन, येताना घन, मिळून सहावा घात. अंतर दुप्पट झालं की संदेश 64 पटीने कमी. चकतीच्या अगदी जवळ ही घसरण थोडी सौम्य असते, म्हणून नेहमीच्या 28 सेंटिमीटर व्यासाच्या चकतीचा ढोबळ हिशेब मांडू. नाणं 15 सेंटिमीटरवर असताना जो संदेश मिळतो, तो 30 सेंटिमीटरवर सुमारे 18 पटीने कमी होतो. 60 वर सातशे पटीने. एक मीटरवर चौदा हजार पटीने. आणि मशीनवाल्याच्या दहा मीटरवर? तेराशे कोटी पटीने.

मग वीज वाढवा, असं कुणी म्हणेल. चकतीतला प्रवाह 64 पट करायचा तर तारेत खर्च होणारी वीज त्याच्या वर्गाने, म्हणजे चार हजार पटींहून जास्त वाढते. तेही एक वेळ जमेल. पण जमिनीतून येणारा गोंगाटसुद्धा त्याच प्रमाणात वाढतो, आणि आपल्या भागात खरी अडचण या गोंगाटाचीच आहे.

आपली जमीन बेसॉल्टपासून, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणापासून झालेली. या खडकात लोहाची चुंबकीय खनिजं भरपूर असतात. कृष्णेच्या काठची मूठभर कोरडी वाळू कागदावर पसरा आणि खालून लोहचुंबक फिरवा. बारीक काळे कण एकदम उभे राहतात आणि चुंबकामागे कागदावर पळतात. हेच कण मातीतही आहेत, आणि डिटेक्टरच्या दृष्टीने अख्खी जमीनच किंचित लोखंडी असते. तांबड्या जांभ्या मातीत, पाचगणीच्या पठारासारख्या ठिकाणी, त्रास आणखी वाढतो. तिथले लोहाचे अतिसूक्ष्म कण क्षेत्र बदलल्यावर जरा उशिराने प्रतिसाद देतात आणि तो धातूसारखा भासतो. मशीनला ‘ग्राउंड बॅलन्स’ची सोय असते. तिने जमिनीचा आवाज बराचसा वजा करता येतो, पण तेवढी खोलीही हातची जाते.

नाण्याची किंमत यंत्राला कळत नाही, आकार कळतो. शिवकालीन सोन्याचा होन जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा, इवलासा. तांब्याची शिवराई त्याच्या कित्येक पट वजनाची आणि रुंदीला मोठी. शिवाय तांबं सोन्यापेक्षा चांगला विद्युतवाहक. त्यामुळे होनापेक्षा शिवराई जास्त खोलीवरून बोलते. सातवाहनांची शिशाची नाणी आणखी मंद, कारण शिसं वीज फार कमी वाहतं. नाणं आडवं पडलंय की उभं, यानेही फरक पडतो. उभं असेल तर क्षेत्र त्याच्या पसरट अंगातून नीट जात नाही, आणि खोली बरीच घटते.

मग हंड्याचं काय? इथेही सहावा घात सोडत नाही. एका मडक्यात हजार नाणी आहेत आणि प्रत्येकाचा संदेश दुसऱ्याच्या संदेशात मिसळतोय असं धरलं, तरी वरच्याच हिशेबाने खोली 25 सेंटिमीटरवरून जेमतेम 90 वर जाते. हजारपट धन, साडेतीनपट खोली! मोठी चकती लावून किंवा वेगळ्या बनावटीचं यंत्र आणून हंड्याएवढ्या वस्तूसाठी आणखी थोडं खाली जाता येतं. सुट्या नाण्याला मात्र त्याचा उपयोग नाही, कारण मोठ्या चकतीला बारीक वस्तू नीट जाणवतच नाही.

आणि नाणी एका जागी राहतही नाहीत. उन्हाळ्यात काळं रान भेगाळतं तेव्हा भेगा हातभर, कधी त्याहूनही खोल जातात. वरचं नाणं भेगेत पडतं, पहिल्या पावसात माती फुगते आणि भेग मिटते. ते नाणं यंत्राच्या आवाक्याबाहेर गेलं. उलट उसासाठी खोल नांगरट केली की तळचं वर येतं. नांगरटीनंतर पाऊस पडून गेल्यावर शेतात शिवराई नुसत्या डोळ्यांनी दिसते, ती यामुळेच.

सापडलं तर काय करायचं, हे 1878 च्या निखात निधी कायद्यात लिहिलेलं आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर शिक्षा आहे. संरक्षित किल्ल्यावर किंवा स्मारकाच्या जागेत परवानगीशिवाय खणणं हाच गुन्हा आहे. माझ्या मते कायद्यापेक्षाही मोठं कारण वेगळं आहे. नाणं कुठल्या थरात, कशाशेजारी होतं, हे एकदा उकरल्यावर कुणालाच पुन्हा कळत नाही, आणि इतिहास त्या थरातच असतो.

गुप्तधनाच्या नावाखाली होणाऱ्या अघोरी प्रकारांविरुद्ध डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यातून आयुष्यभर लढा दिला, आणि 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात असे प्रकार गुन्हा ठरले. पूजेच्या जागी आता अँटेना आली आहे. हातातली कांडी आपोआप वळते, तिकडे धन, असं सांगतात. अशीच वळणारी कांडी बाँबशोधक म्हणून इराकला विकणाऱ्या ब्रिटिश विक्रेत्याला 2013 मध्येच दहा वर्षांची शिक्षा झाली. आत काम करणारं काहीच नव्हतं.

तुमच्या दारात असा कुणी आला तर पैसे देण्याआधी दोन फूट खोल दोन खड्डे घ्या. एकात पिवळसर पाच रुपयांचं नाणं टाका आणि दोन्ही सारखेच बुजवा. स्टेनलेस स्टीलचा रुपया नको, त्याला यंत्र लोखंड समजतं. मशीनवाल्याला त्या वेळी लांब बसवा, आणि नाणं कुठे आहे हे जाणणाऱ्यालाही तिथून हलवा. मग त्याला खड्डा सांगू द्या. हे दहा वेळा करा, दर वेळी नाणेफेक करून खड्डा ठरवा. नुसत्या अंदाजाने दहाही वेळा बरोबर येण्याची शक्यता 1024 मध्ये एक आहे.