कटर मशीनवाल्याची मजुरी ठरते कशी? कोल्हापूरच्या लाकूडतोडीची पार्श्वभूमी

शाहूवाडी, राधानगरी, आजरा, चंदगड या पश्चिमेकडच्या तालुक्यांत कटर मशीनवर, म्हणजे साखळी-करवतीवर, झाडं पाडणाऱ्याला दर विचारला, तर तो एक आकडा सांगत नाही. मशीन कुणाचं, पेट्रोल-ऑइल कुणाचं, झाड सपाटीला आहे की ओढ्याच्या उताराला, शेजारी विजेची तार आहे का, ओंडके गाडीत भरून द्यायचेत का, हे सगळं आधी विचारतो. मग काम कधी हजेरीवर (दिवसाच्या मजुरीवर), कधी टनावर, कधी उक्तं (सगळ्या कामाचे एकरकमी) ठरतं. मशीन नवं असलं, तरी दर ठरवायची ही रीत कुऱ्हाडीच्या काळातली आहे.

इंग्रजी अमलात जंगलातले कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले तुकडे, लिलावात जात. ठेकेदार कूप घ्यायचा, मुकादमामार्फत माणसं आणायचा, उचल द्यायचा आणि निघालेल्या लाकडाच्या मापावर मजुरी चुकती करायचा. माप घेणाराही तोच. या पिळवणुकीवर उपाय म्हणून बाळासाहेब खेर यांच्या सरकारच्या काळात, 1947 च्या सुमारास, मुंबई प्रांतात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था उभ्या राहू लागल्या. त्यांचा जोर मात्र ठाणे, नाशिक, धुळे अशा आदिवासी पट्ट्यात राहिला. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात आलं तेच 1 मार्च 1949 ला.

1948 चा किमान वेतन कायदा लाकूडतोड्याला विसरला नव्हता. त्याच्या अनुसूचीत शेतीच्या कामांमध्येच शेतीला जोडून होणारी वनकामं आणि लाकूडतोड धरलेली होती. शिवाय कलम 17 प्रमाणे काम मापावर दिलं, तरी वेळेनुसार ठरलेल्या किमान मजुरीपेक्षा कमी देता येत नव्हतं. म्हणजे ‘उक्तं दिलंय, आता हिशेब कसला?’ हे म्हणणं तेव्हापासूनच कायद्यात बसत नाही. तरीही ते आजवर बिनदिक्कत ऐकायला मिळतं.

दरम्यान जंगलातली तोड आटत गेली. 1958 मध्ये दाजीपूरला अभयारण्य झालं, 1980 मध्ये वन संवर्धन कायदा आला, 12 डिसेंबर 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तोड आणि सॉ मिल दोन्हींवर लगाम बसला. काम सरकलं ते मालकीच्या रानाकडे: बांधावरची निलगिरी, सिल्व्हर ओक, घराजवळचा आंबा, रस्ता रुंदीकरणातली झाडं. शेतकरी उभं झाड व्यापाऱ्याला विकतो, व्यापारी टोळी आणतो. मग मजुराचा मालक नेमका कोण? माझ्या मते दराचा सगळा घोळ या प्रश्नापाशी आहे.

मशीनने आणखी एक वाटेकरी आणला. आंद्रेआस श्टील यांनी जर्मनीत 1926 मध्ये विजेवरची साखळी-करवत बनवली, तेव्हा ती उचलायला दोन माणसं लागत. एकट्याने चालवायचं त्यांचं पेट्रोल मशीन 1950 चं. आपल्याकडे ती गावोगाव पोचली त्याला खूप वर्षं लागली. पूर्वी दोघांनी ओढायच्या करवतीला दिवस जायचा, ते काम आता काही तासांत उरकतं. त्यामुळे चालकाची एका दिवसाची रक्कम साध्या मजुरापेक्षा चांगली दिसते, पण भरणारे दिवस कमी असतात आणि पावसाळ्यात तर काम जवळजवळ थांबतंच. मशीन स्वतःचं असेल, तर चेन, बार, कानस, दुरुस्ती त्याच रकमेतून जाते. दुसऱ्याचं असेल, तर आधी भाडं वजा होतं. दोर ओढणारे आणि फांद्या आवरणारे हजेरीवरच राहतात. रोजगार हमीची राज्यातली मजुरी 2025-26 साठी दिवसाला 312 रुपये होती. जीव धोक्यात घालणाऱ्याचा दर ठरवताना हिशेब निदान तिच्या बराच वरून सुरू व्हायला हवा.

याच जिल्ह्यात ऊसतोडीचा दर कसा ठरतो, तेही बघावं. तिथे संघटना आहेत, साखर कारखान्यांच्या संघाशी करार होतो, संप होतो. जानेवारी 2024 मध्ये मजुरीत 34 टक्के वाढ मिळाली ती अशा वाटाघाटीतून. झाडतोडीत पाच-सहा जणांची टोळी एकेकट्या व्यापाऱ्याशी बोलते.

अपघाताचं तर दरात नावच नसतं. वास्तविक 2025 मध्ये नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू होईपर्यंत चाललेल्या 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत झाडं तोडण्याचं काम स्पष्ट लिहिलेलं होतं. कामावर मृत्यू झाला, तर मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसारच्या गुणकाने गुणून भरपाई काढतात, आणि तिला किमान मर्यादाही आहे. पण त्यासाठी कामावर कुणी ठेवलं आणि वेतन किती होतं, हे दाखवावं लागतं. उक्त्या कामात या दोन्ही गोष्टी तोंडीच ठरलेल्या असतात.