जेटबदल (मोटारसायकल कार्बोरेटर)

जेटबदल : मोटारसायकलच्या कार्बोरेटरमधील (इंजिनासाठी हवा व पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या भागातील) जेट, म्हणजे पेट्रोलचे प्रमाण ठरवणारा छिद्राचा पितळी स्क्रू, काढून त्याजागी लहान वा मोठ्या छिद्राचा जेट बसवण्याची क्रिया. गॅरेजच्या बोलीत ‘जेटिंग’ किंवा ‘जेट टाकणे’. सायलेन्सर वा एअर फिल्टर बदलला, गाडी फार उंच प्रदेशात न्यायची असली किंवा पेट्रोलचे घटक बदलले, की याची गरज पडते. लेथ वा वेल्डिंग लागत नसल्याने हे काम घरच्या अंगणातही होते.

कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते तेव्हा तिचा दाब उतरतो व खालच्या वाटीतील पेट्रोल जेटमधून वर ओढले जाते. गळा अरुंद झाला की दाब उतरतो, याचे विवेचन जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंतुरी या इटालियन शास्त्रज्ञाने १७९७ मध्ये केले. त्यावरून गळ्याला ‘व्हेंच्युरी’ म्हणतात. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनी प्रमाणात एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. सर्वाधिक शक्ती मात्र १२.५ ते १३ च्या आसपास मिळते. पेट्रोल जास्त झाले तर मिश्रण ‘रिच’, कमी पडले तर ‘लीन’.

*उगम* : जेटचा इतिहास फवारा पद्धतीच्या कार्बोरेटरपासून सुरू होतो. त्याआधीच्या पृष्ठभागी कार्बोरेटरांत हवा पेट्रोलवरून वा पेट्रोलात भिजलेल्या वातीवरून खेचली जाई. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकीचा कार्बोरेटर याच बाष्पीभवन जातीचा होता. त्यात जेट नव्हता, त्यामुळे जेटबदलही नव्हता. फवाऱ्याचे जनकत्व वादग्रस्त आहे. हंगेरीचे दोनात बांकी व यानोश चोंका यांनी ११ फेब्रुवारी १८९३ रोजी पेटंटसाठी अर्ज केला, असे हंगेरियन परंपरा सांगते. जर्मनीच्या विल्हेल्म मायबाख यांचा तशाच रचनेचा दावा त्यानंतर काही महिन्यांनी, त्याच वर्षी आला. इंग्लंडमध्ये एडवर्ड बटलर यांच्या तीनचाकीवर १८८७-८८ च्या सुमारास तरंगत्या फ्लोटचा फवारा कार्बोरेटर होता, असे इंग्रजी लेखक मानतात. बुडापेस्टमध्ये फुलांवर तोंडाच्या फुंकरीने पाणी फवारणारी फुलवाली पाहून बांकी-चोंकांना ही कल्पना सुचली, ही कथा लोकप्रिय असली तरी ती दंतकथेच्या सदरात ठेवणे बरे. कालक्रमाने बटलर आधीचे दिसतात. पण पुढे वाहन उद्योगात रुजलेली परंपरा १८९३ च्या रचनांशी अधिक जवळची वाटते. मोटारसायकलींपुरता महत्त्वाचा टप्पा १९२७ चा : अमॅक, ब्राऊन अँड बार्लो व बिंक्स या ब्रिटिश कार्बोरेटर कंपन्या एकत्र येऊन ‘अमल’ ही कंपनी झाली. आकडा कोरलेला, आट्यांचा, सुटा विकत मिळणारा जेट सर्वसामान्य दुचाकीस्वाराच्या हाती मुख्यतः अमलच्या प्रसारानंतर आला असावा.

*आकड्यांचा घोळ* : जेटवरचा आकडा सर्व कंपन्यांत एकाच मापाचा नसतो, आणि घरगुती जेटबदल फसण्याचे हे मोठे कारण आहे. अमलचा आकडा प्रवाहाचा : ठरावीक दाबाखाली एका मिनिटात किती घन सेंमी. पेट्रोल वाहते, तो. मिकुनी कंपनीच्या षट्कोनी डोक्याच्या मेन जेटचा (मुख्य जेटचा) आकडाही प्रवाहाचाच. त्याच कंपनीच्या गोल डोक्याच्या जेटचा मात्र छिद्राच्या मापाचा. डेलॉर्टो व केहीन यांचे आकडे सामान्यतः मिमी.च्या शतांशांत व्यास सांगतात; म्हणजे १०० चे छिद्र १ मिमी. मिकुनीचा १०० काढून त्याजागी आटे जुळतात म्हणून दुसऱ्या जातीचा १०० बसवला, तर मिश्रण तेच राहील असे नाही. शिवाय व्यासाच्या आकड्यात वर्गाचा नियम लागू होतो : १०० वरून १०५ वर गेल्यास व्यास ५ टक्के वाढतो, पण छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे १० टक्के. म्हणून ‘एक नंबर वर घे’ हा सल्ला कार्बोरेटरची जात न विचारता देऊ नये व घेऊही नये.

*कोणता जेट, कोणत्या थ्रॉटलला* : कार्बोरेटरमध्ये एकच जेट नसतो. थ्रॉटल म्हणजे ग्रिप पिळून झडप किती उघडली ते प्रमाण. साध्या सरकत्या झडपेच्या कार्बोरेटरात स्लोपासून (ग्रिप न पिळता इंजिन नुसते चालू असताना) सुमारे एक अष्टमांश थ्रॉटलपर्यंत पायलट जेट (स्लो जेट) व त्याचा स्क्रू काम करतो; त्यापुढे पावपर्यंत झडपेच्या तळाची तिरकी कापणी; पावपासून पाऊणपर्यंत झडपेला टांगलेली निमुळती सुई व ती ज्यात वरखाली होते तो नीडल जेट; आणि पाऊणच्या पुढे मेन जेट. या सीमा धूसर असतात व एकमेकींत मिसळतात. शहरात ४० च्या वेगाने चालणाऱ्या गाडीच्या मेन जेटपर्यंत बहुधा गोष्ट पोहोचतच नाही. तरीही ॲव्हरेज घसरला की आधी मेन जेटलाच हात घातला जातो. ग्रिपवर पांढऱ्या पट्टीच्या खुणा करून, गाडी नेमकी कोणत्या थ्रॉटलला मिसिंग मारते वा गुदमरते हे पाहणे ही पहिली पायरी होय. सुईच्या वरच्या खाचांतील क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर उचलली जाते व मिश्रण रिच होते. स्क्रूच्या बाबतीत नेहमीचा गोंधळ असा : फिल्टरच्या बाजूचा स्क्रू हवेचा असतो, तो उघडल्यास मिश्रण लीन होते, इंजिनच्या बाजूचा बहुधा मिश्रणाचा असतो, तो उघडल्यास रिच होते.

*कृती* : इंजिन थंड असावे, जागा मोकळ्या हवेची असावी, जवळ ज्योत वा विडी-सिगारेट नसावी. पेट्रोल कॉक बंद करून वाटीतील पेट्रोल काढतात, क्लॅम्प सैल करून कार्बोरेटर फिरवतात वा उतरवतात आणि वाटीचे स्क्रू काढतात. जपानी धर्तीच्या कार्बोरेटरांवरील फुलीचे स्क्रू साध्या फिलिप्स स्क्रूंसारखे दिसतात, पण खाचेचा आकार किंचित वेगळा असतो. साधा ड्रायव्हर त्यातून उसळून बाहेर येतो व डोके गोल होते. त्यासाठी जपानी मानकाचा ड्रायव्हर मिळतो. मेन जेट मधल्या उंच नळीच्या टोकाला असतो, पायलट जेट शेजारच्या खोल भोकात. पितळ मऊ असल्याने ड्रायव्हरचे पाते खाचेच्या पूर्ण रुंदीचे हवे. अरुंद पात्याने खाच एकदा झिजली की जेट जागेवरच अडकतो. बसवताना आटे धरेपर्यंत जेट बोटांनी फिरवावा, मग हलकेच आवळावा. जुन्या पेट्रोलची तपकिरी साय जेटच्या छिद्रात जमते. ती कार्बोरेटर क्लीनर व हवेच्या दाबाने काढावी. तारेने खरवडल्यास छिद्र मोठे होते व कोरलेला आकडा खोटा ठरतो. उलट प्रकारही आढळतो : ॲव्हरेज वाढावा म्हणून मेन जेटमध्ये तांब्याची बारीक तार घालणे. यात मोठ्या थ्रॉटलला मिश्रण लीन होऊन इंजिन तापते. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीत पिस्टन चिकटण्यापर्यंत पाळी येऊ शकते. हा प्रकार कधीही करू नये.

*प्लगची परीक्षा* : जेटबदलाचा निकाल स्पार्क प्लगवर वाचण्याची पद्धत जुनी आहे. मोकळ्या, रहदारी नसलेल्या जागी गाडी हव्या त्या थ्रॉटलला काही काळ चालवून, एकाच वेळी क्लच दाबून इग्निशन बंद करायचे व प्लग काढून आतल्या पांढऱ्या चिनीमातीचा रंग पाहायचा. फिकट चहासारखा तपकिरी रंग समाधानकारक, कोरडी काजळी म्हणजे रिच, खडूसारखा पांढरा म्हणजे लीन. मात्र ही रंगसूची शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात घडली. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेरहित पेट्रोल आले. त्यावर, विशेषतः इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर, योग्य मिश्रणाचाही प्लग फिकट दिसतो. जुन्या सूचीवर विसंबून मिश्रण रिच करत राहण्याचा धोका यात आहे. पीयूसी चाचणी दुचाकीची तपासणी स्लोवर करते, त्यामुळे ती पायलट जेट व स्क्रूबद्दल सांगते; मेन जेटबद्दल तिच्यातून काहीच कळत नाही.

*उंची* : हवेची घनता उंचीबरोबर घटते, तर कार्बोरेटर पेट्रोल त्या प्रमाणात कमी करत नाही, मिश्रण घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात रिच होते. लेह सुमारे ३,५०० मी. उंचीवर आहे. तिथे घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के, म्हणून मिश्रण अदमासे २० टक्के रिच. ते पूर्ववत करण्यास मेन जेटचा व्यास ८-९ टक्के कमी करावा लागेल. परतताना जुना जेट पुन्हा बसवणे अत्यावश्यक, कारण खाली आल्यावर तोच लहान जेट इंजिन लीन चालवतो. पुण्याहून महाबळेश्वरला (सुमारे १,३५० मी.) जाताना हा फरक ४ टक्क्यांच्या घरात येतो, त्यासाठी जेटला हात लावू नये.

*इथेनॉल* : इथेनॉलला पूर्ण ज्वलनासाठी वजनी सुमारे ९ पट हवाच पुरते. म्हणून २० टक्के इथेनॉलच्या (ई-२०) पेट्रोलचे आदर्श प्रमाण १३.५ च्या जवळपास उतरते व जुन्या जेटवर तीच गाडी सुमारे ८ टक्के लीन चालते. गणिताने व्यास ४ टक्क्यांनी वाढवणे पुरते. तरी आधी सुई एक खाच उचलून पाहणे अधिक सुरक्षित वाटते. ऊसपट्ट्यामुळे इथेनॉल निर्मितीत महाराष्ट्र अग्रभागी आहे आणि हेच पेट्रोल इथल्या जुन्या बुलेट, येझदी, आरएक्सच्या टाकीत पडते. जेटने मिश्रण सुधारते. जुन्या रबरी नळ्या व सील यांची झीज त्याने थांबत नाही, ते भाग स्वतंत्रपणे बदलावे लागतात.

*सद्यःस्थिती* : निर्वात दाबावर झडप उचलणाऱ्या सीव्ही कार्बोरेटरात झडप हाताच्या ग्रिपला थेट बांधलेली नसते, त्यामुळे वरील थ्रॉटल-सीमा त्यांना जशाच्या तशा लागू पडत नाहीत. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाल्यावर नव्या दुचाकींत कार्बोरेटरची जागा जवळपास सर्वत्र इंधन इंजेक्शनने घेतली. तिथे मिश्रण संगणकीय नकाशावर ठरते व बदलण्याजोगा जेट नसतो.