‘गप्प बसा’चे चिंचोके

गेल्या पावसाळ्यात मी एक खुळ्यासारखं काम केलं. उजव्या खिशात वीस चिंचोके घेऊन आठवी ‘ब’च्या पाचव्या तासाला गेलो. ‘गप्प बसा’, ‘काय चाललंय तिकडं’, ‘परत सांगायला लावू नका’ यातलं काहीही तोंडातून गेलं की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात टाकायचा, एवढंच. तास चाळीस मिनिटांचा. बाहेर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडचा पाऊस, आत नुकतंच अक्षर दासोहचं, म्हणजे कर्नाटकातल्या शाळेत दुपारी मिळणारं जेवण झालेली पोरं. पंचवीस मिनिटं व्हायच्या आत उजवा खिसा रिकामा झाला आणि वर्ग होता तसाच होता.

मी या भागातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. आमच्या स्टाफरूममध्ये दिवसाआड एक वाक्य येतंच: ‘छडी गेली, धाक गेला, आता काय उरलं?’ मीही ते म्हटलेलं आहे. पण त्या दिवशी डावा खिसा जड झाल्यावर मला वेगळाच प्रश्न पडला. ज्या वाक्याने इतक्या वर्षांत काही होत नाही, ते मी रोज वीस वेळा का म्हणतो?

उत्तर बी.एड.च्या पुस्तकात होतं. परीक्षेपुरतं वाचलं आणि सोडून दिलं होतं. ‘गप्प बसा’ म्हटलं की वर्ग खरंच गप्प बसतो, फक्त दहा सेकंद. त्या दहा सेकंदांत कान मोकळे होतात, जीव हलका होतो. नकोशी गोष्ट थांबली की ती थांबवणारी कृती आपल्या अंगवळणी पडते. दाढ ठणकत असताना मिश्री लावून क्षणभर बरं वाटावं आणि मग मिश्रीच सुटू नये, तसं. मानसशास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात. हे नाव ऐकून पुष्कळांना ती शिक्षा वाटते, पण हे शिक्षेच्या उलट आहे, ही सुटकेची बक्षिसी आहे. आणि ती मिळते शिक्षकाला. म्हणजे वर्गात सगळ्यात नेटाने शिकत असतो तो मी, आणि शिकतो काय, तर ओरडायला.

१९६८ साली अमेरिकेत चार्ल्स मॅडसन, वेस्ली बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीच्या वर्गात हे तपासून पाहिलं. मुलं जागेवरून उठत होती आणि शिक्षिका ‘खाली बसा’ म्हणत होत्या. संशोधकांनी त्यांना ‘खाली बसा’ आणखी जास्त वेळा म्हणायला सांगितलं. प्रत्येक वेळी मुलं बसली, पण दिवसाचा हिशोब केला तर उठणाऱ्यांची संख्या वाढली होती. मग उलट केलं. उठलेल्यांकडे दुर्लक्ष करायचं आणि बसून काम करणाऱ्याला ‘छान चाललंय’ म्हणायचं. उठणं कमी झालं. बेकरने पुढे याला टीकेचा सापळा म्हटलं. मुलाला लक्ष मिळतं, शिक्षकाला दहा सेकंद शांतता मिळते, दोघंही खूश होऊन तेच परत करतात.

ही झाली सहा वर्षांची मुलं. आमच्या आठवीतल्या पोराला ‘शाब्बास बाळ, छान बसलास’ म्हणून बघा. तो आयुष्यभर माफ करणार नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी शिक्षकाच्या शब्दापेक्षा मागच्या बाकावरच्या हसण्याचा भाव मोठा असतो, आणि हे नुसतं म्हणायचं म्हणून नाही.

२००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी लोकांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की रेटायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. रेटलं तर गुण जास्त, पण धडक बसली तर गेलं सगळं. खेळणारे तीन वयांचे होते: १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ च्या पुढचे. काही जण एकटे खेळले, काहींच्या शेजारी दोन मित्र बसवले. मित्र आल्याने मोठ्यांच्या खेळात फरक पडला नाही. कुमारवयीन मुलांनी मात्र मित्रांदेखत कितीतरी जास्त धोका पत्करला. २०११ मध्ये असाच एक प्रयोग मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात झाला. मित्र शेजारच्या खोलीत होते, फक्त पडद्यावर बघत होते. ते बघताहेत एवढं कळल्यावर मुलांच्या मेंदूतला बक्षिसाची चाहूल घेणारा भाग जास्त पेटत होता. कपाळामागचा, आवर घालणारा भाग पक्का व्हायला पंचविशी उजाडते. म्हणजे इंजिन आठवीत येतं आणि ब्रेक डिग्री झाल्यावर.

आता आमच्याकडे या वयाला आणखी एक गोष्ट जोडून येते. सीमेपलीकडे, इथून तासाभरावरच्या चंदगडात, बहुतेक हायस्कूल पाचवीपासून असतात. पोरगं दहा वर्षांचं असताना येतं आणि तिथंच मोठं होतं. कर्नाटकात हायस्कूल आठवीपासून. सातवीपर्यंत आपल्या गावच्या शाळेत, जिथं गुरुजींना त्याचा आजासुद्धा ठाऊक, आणि जूनमध्ये एकदम पाच-सात गावांची पोरं एका वर्गात. मिसरूड फुटायला आणि नवीन शाळा लागायला एकच मुहूर्त. या कळपात कोण कुठे उभा राहणार, हे पहिल्या दोन महिन्यांत ठरायचं असतं, आणि ते ठरवायला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे सरांचा तास.

हे मला कळलं ते एका चुकीतून. चार वर्षांपूर्वी असाच एक नवीन आलेला, अंगाने थोराड पोरगा शेजारच्याच्या दप्तरात काहीतरी कोंबत होता. मी म्हटलं, ‘उभा राहा.’
‘मी कुठं काय केलोय सर?’
‘सॉरी म्हण.’
‘त्योच पैला काढलाय सर. मी न्हवं.’
मुलींच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. मी आवाज चढवला, त्याने मान ताठ केली. शेवटी दोघंही हेडसरांच्या खोलीत. नंतर तीन दिवस पोरगा शाळेत आला नाही. आज वाटतं, त्याला सॉरी म्हणायचं नव्हतं असं नाही. साठ जणांसमोर म्हणायचं नव्हतं. प्रेक्षक मीच गोळा करून दिले होते, आणि खरं सांगायचं तर प्रेक्षकांसमोर माघार घेणं मलाही जमलं नव्हतं.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. बोलायचं असेल तर चालत त्याच्या बाकापर्यंत जायचं, त्याच्या वहीकडे बघत, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात एक वाक्य म्हणायचं आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचं. उत्तर मागितलं की नाटक सुरू होतं. वाद घालायचाच असेल तर सुट्टीत, व्हरांड्यात, दोघांतच. व्हरांड्यात शंभरातले नव्वद सिंह शेळी होतात. दहा होत नाहीत, त्यांचं वेगळं असतं.

त्या वेगळ्यांपैकी एक जण आमच्या कन्नडच्या टीचरना भेटला. टीचर बैलहोंगलकडच्या, मराठी समजतात, बोलताना थोड्या अडखळतात. त्यांच्या तासाला एक पोरगा दर वेळी, धडा सुरू झाल्यावर पाच-सात मिनिटांत काहीतरी काढायचाच. पट्टी आपटणं, शेजाऱ्याला चिमटा, मांजराचा आवाज. टीचर त्याला बाहेर काढायच्या. महिनाभर हेच. स्टाफरूममध्ये निदान झालं की पोराला भाषेचा राग आहे, घरून शिकवून पाठवतात. आपल्या भागात असं निदान फार चटकन होतं, दोन्ही बाजूंनी.

मी वेळ बघायला सांगितलं. कविता वाचून दाखवताना पोरगा शांत असायचा. मुलांनी एकेक परिच्छेद वाचायची पाळी सुरू झाली आणि ती त्याच्या बाकाच्या दोन बाक अलीकडे आली, की मांजर ओरडायचं. जांबोटीच्या वरच्या अंगाच्या वाडीतला तो. घरी मराठी, वाडीत मराठी, कन्नड कानावर पडायचं ते बसमधल्या कंडक्टरचं. अक्षरं ओळखत होता, जोडाक्षरांपाशी अडत होता. बाहेर काढणं ही त्याला शिक्षा नव्हतीच. त्याला हवं होतं तेच नेमकं मिळत होतं, शिवाय मर्द म्हणून नाव होत होतं ते वेगळंच.

वागण्याला ‘वाईट’ म्हणून थांबण्याऐवजी ‘यातून याला मिळतं काय?’ असं विचारणं ही वर्तनशास्त्रातली जुनी आणि खात्रीची वाट आहे. १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी विकासात अडचणी असलेल्या काही मुलांवर फार सुंदर काम केलं. काही मुलं काम अवघड झालं की गोंधळ घालत, काही जण मोठ्यांचं लक्ष कमी झालं की. पहिल्यांना ‘मला समजलं नाही’ म्हणायला शिकवलं, दुसऱ्यांना ‘मी बरोबर करतोय का?’ असं विचारायला. गोंधळ कमी झाला. पण खरी गंमत पुढे आहे. वाक्यांची अदलाबदल केली, लक्ष हवं असणाऱ्याला अवघडपणाचं वाक्य दिलं, तर काहीच फरक पडला नाही. औषध दुखण्यावरच लागतं.

टीचरनी पोराला एकट्याला बोलावून दोन शब्द पाठ करून घेतले: ‘अर्थ आगलिल्ला.’ समजलं नाही. हे म्हटलं की टीचर वाक्य स्वतः वाचणार आणि तो मागून म्हणणार, एवढा करार. शिवाय वाचायचा परिच्छेद त्याला आदल्या दिवशीच सांगायच्या. पहिल्या आठवड्यात मांजर उलट जास्त ओरडलं. हेही ठरलेलंच असतं. रिमोटचे सेल संपले की आपण बटण सोडून देत नाही, आधी जोरजोरात दाबतो. नेहमीची युक्ती लागू पडेनाशी झाली की पोरंही तेच करतात, आणि नेमकं याच आठवड्यात शिक्षक ‘असलं काही चालत नाही’ म्हणून परत ओरडायला लागतात. टीचर टिकल्या. मारामारी किंवा दुबळ्या पोराला छळणं असतं तर थांबून चाललं नसतं, ते त्याच क्षणी तोडावं लागतं. मांजराला वेळ देता येतो.

आता छडीचं. पालक अजून येऊन सांगतात, ‘सर, चामडी तुमची, हाडं तेवढी आमची.’ शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. कायदा बाजूला ठेवला तरी हिशोब छडीच्या बाजूने लागत नाही. २०१६ मध्ये एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी पाच दशकांतली संशोधनं एकत्र केली, सुमारे १ लाख ६० हजार मुलांची. ती आईबापांच्या माराबद्दल होती. मार जास्त तिथं आडदांडपणा आणि मनाचे त्रास जास्त दिसले. मारामुळे तसं झालं की तशा मुलांना मार जास्त बसला, याचा वाद संपलेला नाही. पण मारामुळे पोरगं सुधारतं हे दाखवायला कुणाच्या हाती फारसं काही लागलेलं नाही.

शिक्षकाच्या अंगातही काहीतरी चालू असतं, त्याची दखल घ्यायला हवी. भांडण झालं की शरीरात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि ते कळसाला पोहोचतं वीस ते तीस मिनिटांनी. म्हणजे तिसऱ्या तासाला वाजलं तर त्याची झळ चौथ्या तासाच्या निष्पाप दहावीला. २०१६ मध्ये कॅनडात एव्हा ओबर्ले आणि किंबर्ली शोनर्ट-रायक्ल यांना दिसलं की थकून विटलेल्या शिक्षकांच्या वर्गातल्या मुलांमध्ये सकाळचं कॉर्टिसोल जास्त होतं. कुणाचं कुणाला लागतं हे त्यातून ठरत नाही. आमच्या दोन तासांमध्ये पाच मिनिटंही नसतात, त्यामुळे मी फळा पुसतो. सगळा, वरपासून खालपर्यंत, सावकाश. पोरांना वाटतं सर स्वच्छतेचे भोक्ते आहेत.

मग चांगले शिक्षक करतात तरी काय? जेकब कुनिन हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ या प्रश्नाच्या मागे वर्षानुवर्षं होता. सुरुवात त्याच्या स्वतःच्या वर्गात झाली. पेपर वाचत बसलेल्या एका विद्यार्थ्याला त्याने टोकलं आणि ज्यांचा काही संबंध नव्हता तेही सावरून बसले. त्याला वाटलं, टोकण्यातच काहीतरी खुबी असणार. म्हणून त्याने वर्गांचं चित्रीकरण करून तपासलं, आणि १९७० मध्ये जे मांडलं ते त्याच्या अंदाजाच्या उलट होतं. वर्ग ताब्यात असलेले शिक्षक आणि नसलेले शिक्षक यांच्या रागावण्यात म्हणावा असा फरकच नव्हता. फरक होता तो रागवायची वेळ येण्याआधी. चांगल्या शिक्षकांच्या पाठीला डोळे होते. ठिणगी पडली की ते वळायचे, आग लागल्यावर नाही, आणि नेमक्या पोराकडे वळायचे, शेजारच्याकडे नाही. एकाची वही बघताना दुसऱ्या कोपऱ्याशी नजरेने बोलायचे. एका कामातून दुसऱ्या कामात जाताना मध्ये रिकामी जागा सोडायचे नाहीत. माझ्या वीस चिंचोक्यांपैकी निम्मे तरी अशा रिकाम्या जागेत पडले होते, मी हजेरी घेत असताना नाहीतर खडू शोधत असताना.

म्हणून मी दोन बदल केले. खडू आधी घेतो. आणि जेवणानंतर वर्गात जाऊन पोरांची वाट बघण्याऐवजी दारात उभा राहतो, एकेकाला नावाने आत घेतो. २०१८ मध्ये क्लेटन कुक आणि सहकाऱ्यांनी दहा वर्गांपैकी काहींत हे करून पाहिलं, तेव्हा अभ्यासात जाणारा वेळ शंभर मिनिटांमागे वीसेक मिनिटांनी वाढला आणि गोंधळाचा नऊएक मिनिटांनी घटला. आमच्याकडे असे आकडे कुणी मोजलेले नाहीत. दारात उभं राहिल्याने मला एवढंच कळतं की आज कोण जेवला नाही, कुणाची बस चुकली, कुणाचे डोळे लाल आहेत. गणपतीच्या आधी तर अर्धी आठवी मंडपाच्या कामाने रात्री जागी असते.

गेल्या शनिवारी बल आणि दाब शिकवत होतो. सकाळची शाळा, खिशात चिंचोके होते, आठ शिल्लक. मागून आवाज आला, ‘सर, अर्थ आगलिल्ला.’ तोच मांजरवाला, माझ्या मराठीतून चालणाऱ्या विज्ञानाच्या तासाला. वर्ग खदखदून हसला. तो हसला नाही. त्याला खरंच समजलं नव्हतं. मी फळ्यापासून त्याच्या बाकापर्यंत गेलो, पेन्सिलीचं टोक आणि मागची बाजू त्याच्या तळव्यावर एकाच जोराने टेकवली आणि विचारलं, कुठलं जास्त टोचतं.