अल्कोहोल कमी केलं, पण किती?

‘कमी अल्कोहोलचं, वनस्पतीजन्य सॅनिटायझर द्या,’ असं तुमच्यापैकी बरेच जण सांगत होते. मागणी रास्त आहे. दिवसातून पंधरा-वीस वेळा हात चोळले की कातडी कोरडी पडते, बोटांच्या पेरांना भेगा जातात आणि पुढच्या वेळी तेच सॅनिटायझर भेगांत चांगलंच झोंबतं.

आमचा पहिला घाणा ४० टक्के अल्कोहोलचा होता. सोबत कोरफड, कडुनिंब आणि तुळस. हाताला मऊ लागायचा, वासही बरा. तरी तो विक्रीला काढला नाही. अल्कोहोल जंतूंच्या प्रथिनांची घडण मोडतं आणि त्यांचं स्निग्ध आवरण फोडतं, पण हे काम साधारण ६० ते ९५ टक्क्यांतच नीट होतं. (शंभर टक्के शुद्ध अल्कोहोलही कमीच पडतं, प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतंच.) जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीत इथेनॉल ८० टक्के आहे. आम्ही ६५ वर थांबलो. काठावरचे ६० घेतले नाहीत, कारण झाकण उघडं राहिलं की आधी अल्कोहोलच उडून जातं.

मग वनस्पती कशाला? लवंगेतलं युजेनॉल किंवा टी ट्री तेल (चहाचं नव्हे, एका ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांचं) जंतूंना मारतं हे खरं. पण प्रयोगशाळेतल्या बशीत तासन्‌तास मुरणं वेगळं आणि तळहातावर अर्ध्या मिनिटात काम उरकणं वेगळं. तेल वाढवावं तर कातडीलाच बाधतं, हवा लागून जुनं झालेलं टी ट्री तेल तर जास्तच त्रास देऊ शकतं. म्हणून अशी तेलं आम्ही घातलीच नाहीत.

कोरफड ठेवली, पण तिने छळलं. तिच्यातल्या क्षारांनी जेल पातळ होऊन बोटांतून ओघळायचं आणि अल्कोहोलमध्ये तिचा बुळबुळीत भाग पांढऱ्या तंतूंसारखा वेगळा पडायचा. आता रस आधी अल्कोहोलमध्ये मिसळून, साका बसू देऊन गाळतो. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यामुळे कोरफडीचा बराच गुण गाळणीतच राहतो, कोरड्या हातांना खरा आधार ग्लिसरीनचा आहे. ते वनस्पती तेलापासून आणि अल्कोहोल उसाच्या मळीपासून. म्हणजे ‘वनस्पतीजन्य’ हा शब्द सगळ्यात जास्त लागू पडतो तो तुम्हाला नको असलेल्या अल्कोहोललाच!

वापरताना दोन्ही तळहात, बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडा ओल्या होतील इतकं घ्या आणि सुकेपर्यंत चोळा. मधेच पुसू नका. हात मळलेले किंवा तेलकट असतील तर साबण-पाणीच वापरा. जुलाब-उलट्यांच्या साथीतही तेच, कारण अशा साथी पसरवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर अल्कोहोलचा भरवसा नाही. अल्कोहोल कमी असलं तरी ते पेट घेतं, तेव्हा हात पूर्ण सुकल्याशिवाय शेगडीजवळ जाऊ नका. बाटली लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.