वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ : व्यवसाय आणि अर्हता

रुग्णाच्या रक्त, लघवी, थुंकी, पू, मस्तिष्क-मेरुद्रव अशा नमुन्यांतून रोगकारक जंतू शोधणारा, त्यांना ओळखणारा, त्यांच्यावर कोणते औषध चालेल हे तपासणारा आणि या निष्कर्षाचा अर्थ उपचार करणाऱ्या डॉक्टरला सांगणारा तज्ज्ञ. रुग्णालयात त्याला मायक्रोबायॉलॉजिस्ट म्हणतात. माती, अन्न, किण्वन किंवा औषधनिर्मिती या क्षेत्रांत काम करणारे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वेगळे. त्यांचा विचार येथे केलेला नाही. व्याख्येतील अर्थ सांगण्याचा भाग पुष्कळदा दुर्लक्षिला जातो, पण या व्यवसायाचे मर्म तेथेच आहे. पोषक माध्यमाच्या प्लेटवर जंतू वाढला हे प्रशिक्षित टेक्निशियनही सांगू शकतो. तोच जंतू या रुग्णाच्या या तापाचे कारण आहे की नाही, हा निर्णय सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचा असतो.

उगम : भारतात हा व्यवसाय केव्हा सुरू झाला याबद्दल एकमत नाही. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, स्वल्पविरामाकार जंतू वेगळा केला, तेथून काही लेखक आरंभ धरतात. मात्र ती परदेशी आयोगाची मोहीम होती आणि तिच्या मागे येथे कायम यंत्रणा राहिली नाही. दुसरे मत पुण्याकडे बोट दाखवते. इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी १८८९ मध्ये पुण्यात स्थापन झाली आणि १८९३ मध्ये कुमाऊँतील मुक्तेश्वरला गेली. देशातील जंतुशास्त्राची ही आद्य संस्था असली, तरी तिचे काम गुराढोरांच्या रोगांचे होते. माणसाच्या रोगनिदानाशी तिचा संबंध दूरचाच. अर्नेस्ट हँकिन यांची आग्रा येथील प्रयोगशाळा १८९२ च्या सुमारास सुरू झाली. तिथे पाण्याची व पटकीची तपासणी होत असे, म्हणून तिचा दावा थोडा अधिक बळकट ठरतो.

सर्वांत परिचित मत मुंबईचे. १८९६ मध्ये शहरात ग्रंथिक संनिपात, म्हणजे प्लेग, पसरल्यावर वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रयोगशाळा थाटली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तयार लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये गेली आणि १९२५ पासून हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. संस्थेचे ऐतिहासिक मोल वादातीत आहे. तरीही तिचा मुख्य उद्योग लसनिर्मिती व संशोधन हाच होता. खाटेवरच्या एकेका रुग्णाचा नमुना घेऊन, त्याच्याच उपचारासाठी, वेळेत उत्तर देणे ही या व्यवसायाची खूण मानली, तर त्याचा उगम मोठ्या संशोधनसंस्थांपेक्षा वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) विभागाच्या एका कोपऱ्यात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. डी.पी.बी. या पदविकेच्या नावात विकृतिशास्त्र आणि जंतुशास्त्र अजूनही जोडीने नांदतात, ते त्या एकत्र नांदण्याचेच अवशेष. दोन्ही विभाग सर्वत्र स्वतंत्र होण्याची प्रक्रिया साधारणतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्ण झाली असावी. व्यावसायिकांची अखिल भारतीय संघटना १९७६ मध्ये स्थापन झाली, हेही या कालगणनेशी जुळते.

हाफकिन यांच्या काळातील एक प्रकरण आजही प्रशिक्षणात सांगण्याजोगे आहे. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. सर्व मात्रा एकाच बाटलीतल्या होत्या. बाटली मुंबईच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली, असा ठपका आधी ठेवण्यात आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. पुढे असे दिसून आले की बूच काढताना वापरायचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता आणि त्याचे निर्जंतुकीकरण नीट झाले नव्हते. शिवाय धनुर्वाताचा जंतू बाटलीत अनेक दिवस वाढला असता तर उघडताना दुर्गंधी आली असती. तशी ती आल्याची नोंद नव्हती. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त ठरले. काही अभ्यासक दूषणाचे नेमके स्थळ निर्विवाद सिद्ध झाले असे मानत नाहीत, पण पुराव्याचा कल मुलकोवालकडेच आहे. प्रत्येक बॅचची निर्जंतुकता तपासून त्याची लेखी नोंद ठेवण्याची शिस्त का हवी, हे या प्रकरणाइतके स्पष्टपणे दुसरे कोणतेही उदाहरण सांगत नाही.

अर्हता : भारतात या पेशात शिरण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली, एम.बी.बी.एस.नंतर नीट-पीजी देऊन तीन वर्षांची एम.डी. किंवा डी.एन.बी. (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची समकक्ष पदवी); महाराष्ट्रातील एम.डी. मुख्यतः नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. रुग्ण तपासण्याचा प्रत्यक्ष संबंध कमी, म्हणून या जागा प्रवेशाच्या पहिल्या फेऱ्यांत अनेकदा रिकाम्या राहतात. विषयाच्या योग्यतेशी या उदासीनतेचा काही संबंध नाही. दुसरी वाट विज्ञान पदवीनंतर वैद्यकीय महाविद्यालयातून एम.एस्सी. आणि पुढे पीएच.डी. करण्याची. विद्यापीठाच्या विज्ञान शाखेतील साधी एम.एस्सी. आणि वैद्यकीय महाविद्यालयातील एम.एस्सी. यांत विद्यार्थी गल्लत करतात. रुग्णालयात नेमणूक देताना दुसरीला प्राधान्य मिळते. डी.एम.एल.टी. किंवा बी.एस्सी. एम.एल.टी. (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम) झालेले टेक्निशियन प्रत्यक्ष कल्चर लावतात, म्हणजे नमुन्यातील जंतू माध्यमावर वाढवतात. चांगला टेक्निशियन नसेल तर विभागप्रमुखाच्या ज्ञानाचा रुग्णाला उपयोग होत नाही.

या दोन वाटांमधील वाद जुना आहे. रिपोर्टवर सही कोणी करायची, हा त्याचा गाभा. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीकृत, पदव्युत्तर वैद्यकीय अर्हताधारकाच्या सहीचा आग्रह धरला. केंद्राच्या वैद्यकीय आस्थापना नियमांतील २०२० च्या दुरुस्तीने एम.एस्सी. व पीएच.डी. धारकांना मत किंवा अर्थ न नोंदवता सही करण्याची मुभा दिली. तथापि हे नियम ज्या केंद्रीय कायद्याखाली येतात, तो महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. अध्यापनातही असाच हेलकावा दिसतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२० मधील नियमांनी या विभागात बिगर-वैद्यकीय शिक्षकांच्या नेमणुका थांबवल्या आणि २०२५ च्या नियमांनी पुन्हा वाट मोकळी केली. अर्थ न नोंदवता दिलेला रिपोर्ट म्हणजे निम्मेच काम, हा वैद्यकीय शाखेचा मुद्दा रास्त आहे. मात्र देशातील अनेक उत्तम प्रयोगशाळा एम.एस्सी. आणि पीएच.डी. झालेल्या तज्ज्ञांनी उभ्या केल्या, हेही तितकेच खरे.

काम : दिवसाचा बराच वेळ आदल्या दिवशीच्या प्लेट वाचण्यात जातो. पण चुकीचा नमुना आला तर पुढचे सारे चुकते, म्हणून नमुना नाकारण्याचा अधिकार हे या तज्ज्ञाचे पहिले शस्त्र. कमी भिंगाखाली एका क्षेत्रात तोंडाच्या अस्तराच्या दहाहून अधिक सपाट पेशी दिसल्या तर ती थुंकी नसून लाळ आहे असे धरून नमुना परत पाठवतात. प्रौढ रुग्णाच्या ब्लड कल्चरसाठी दर बाटलीत ८ ते १० मिलि. रक्त आणि निदान दोन वेगळ्या जागांहून घेतलेले संच हवेत. एकाच बाटलीत कोअॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस वाढला तर तो बहुधा कातडीवरचा असतो. दोन्ही संचांत आला तर गोष्ट बदलते.

लघवीतील जंतुसंख्येचा प्रश्न यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. एडवर्ड कॅस यांनी १९५६ मध्ये मिलिलिटरमागे १,००,००० ही मर्यादा सुचवली आणि ती इतकी रुजली की अनेक प्रयोगशाळा तिच्याखालच्या सगळ्या वाढीला दूषण म्हणू लागल्या. कॅस यांचे काम प्रामुख्याने लक्षणे नसलेल्या स्त्रियांवर व मूत्रपिंडाच्या संसर्गावर होते. १९८२ मध्ये वॉल्टर स्टॅम व सहकाऱ्यांनी दाखवले की लघवीला जळजळ होणाऱ्या स्त्रियांत १०० इतकी संख्याही खऱ्या संसर्गाची असू शकते. दुसरे मत आज अधिक ग्राह्य मानले जाते, पण व्यवहारात अडचण येते ती नमुना प्लेटवर पसरवण्याच्या साध्या तारेच्या कडीची. नेहमीच्या कडीत ०.००१ मिलि. लघवी बसते, तिच्या एका वसाहतीचाच अर्थ १,००० होतो. म्हणजे १०० ची मर्यादा या कडीने मोजताच येत नाही. त्यासाठी दहापट मोठी कडी लागते. लक्षणांची माहिती फॉर्मवर लिहिलेली नसेल तर कोणती कडी वापरावी हे प्रयोगशाळेला कळण्याचा मार्ग नाही.

औषध-संवेदनक्षमता : बाउअर, कर्बी, शेरिस आणि टर्क यांनी १९६६ मध्ये प्रमाणित केलेली डिस्क पद्धत (औषधयुक्त कागदी चकती जंतूंच्या प्लेटवर ठेवून तिच्याभोवतीचे वाढ नसलेले वर्तुळ मोजणे) आजही भारतातील बहुसंख्य रुग्णालयांचा आधार आहे. म्युलर-हिंटन माध्यमाची जाडी ४ मिमी., जंतूंचे द्रावण ०.५ मॅकफार्लंड (गढूळपणाचे माप) इतके गढूळ, तापमान ३५ अंश सेल्सियसच्या आसपास, वाचन १६ ते १८ तासांनी. यांतले एकही माप सैल सोडता येत नाही. माध्यम पातळ पडले तर डिस्कभोवतीचे वर्तुळ फसवे मोठे होते आणि प्रतिरोधी जंतू संवेदनक्षम दिसतो. द्रावण दाट झाले तर नेमके उलट घडते. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ सारखा प्रमाण जंतू नियमित लावला नाही तर ही चूक महिनोन्महिने लपून राहू शकते. एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिन यांच्या डिस्क शेजारी ठेवल्यावर दुसऱ्याचे वर्तुळ एका बाजूने चपटे झाले तर क्लिंडामायसिन देऊ नये, हे मात्र यंत्राविना, नुसत्या डोळ्यांनी कळते.

वर्तुळाचा अर्थ कसा लावायचा याच्या निकषांचे दोन प्रमुख संच आहेत : अमेरिकेतील सीएलएसआय आणि युरोपातील युकास्ट. एकच मापन एका संचात संवेदनक्षम व दुसऱ्यात प्रतिरोधी ठरू शकते. युकास्टने २०१९ मध्ये ‘आय’ (इंटरमीजिएट, मधली श्रेणी) या अक्षराचा अर्थ बदलून ‘जास्त मात्रेत संवेदनक्षम’ असा केला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे २०१३ पासूनचे प्रतिजैविक-प्रतिरोधाचे निरीक्षण-जाळे मुख्यतः सीएलएसआयचे निकष वापरते. एकाच रुग्णालयाने दोन्ही संच सोयीनुसार मिसळणे निश्चितच अनिष्ट. कोलिस्टिनच्या बाबतीत डिस्क व पट्टी दोन्ही अविश्वसनीय आहेत, संदर्भ पद्धत म्हणून ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रव माध्यमात औषधाच्या निरनिराळ्या मात्रांत वाढ पाहणे) हवे. तरीही डिस्कवरचे कोलिस्टिनचे रिपोर्ट पूर्णपणे बंद झालेले नाहीत. हे शेवटच्या फळीतले औषध असल्यामुळे ही ढिलाई रुग्णाच्या जिवाशी भिडते.

मापनाच्या पुनरावृत्तिक्षमतेचा प्रश्न महाराष्ट्रातच एकदा जगभर गाजला. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील झरीर उदवाडिया, कॅमिला रॉड्रिग्ज व सहकाऱ्यांनी २०११ च्या अखेरीस क्षयाच्या चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तपासलेल्या सर्व औषधांना त्यांचे जंतू प्रतिरोधी होते. ‘पूर्ण प्रतिरोधी क्षय’ ही संज्ञा जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये मान्य केली नाही, कारण दुसऱ्या फळीतील अनेक औषधांच्या चाचण्या प्रयोगशाळेगणिक वेगळे उत्तर देतात. आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. पण त्या नोंदीने मुंबईतील क्षयतपासणीकडे लक्ष वेधले आणि जनुकीय चाचण्यांचा विस्तार होण्यास हातभार लावला, हे श्रेय तिला द्यायला हवे. त्यानंतर आलेल्या चाचण्यांपैकी ट्रूनॅट ही गोव्यातील मोलबायो डायग्नोस्टिक्सची. बॅटरीवर चालणाऱ्या या यंत्रामुळे तालुक्याच्या ठिकाणी रिफॅम्पिसिन या क्षयावरील मुख्य औषधाचा प्रतिरोध कळू लागला. जागतिक आरोग्य संघटनेने तिला २०२० मध्ये मान्यता दिली.

स्थानिक रोगांची जाण हे पुस्तकाबाहेरचे कौशल्य. पावसाळ्यात कोकणात लेप्टोस्पायरोसिस, सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात २०१६ पासून आढळलेला क्यासनूर अरण्यरोग (गोचिडांमार्फत पसरणारा विषाणुज्वर), आणि मेलिऑइडोसिस (माती-पाण्यातील जंतूचा संसर्ग). यांतल्या शेवटच्याचा जंतू बर्खोल्डेरिया स्युडोमॅलाय. अनभिज्ञ डोळ्यांना तो स्युडोमोनास वाटतो आणि बाजूला पडतो. भारतातील त्याची पहिली नोंद १९९१ मध्ये मुंबईतून झाली असे मानतात. याउलट विडाल (रक्तातील प्रतिपिंडे शोधणारी) चाचणीचा अतिवापर : एकाच नमुन्याच्या विडालवरून विषमज्वराचे निदान करू नये, ब्लड कल्चर पाठवावे, हे वर्षानुवर्षे सांगूनही ती चाचणी गावोगाव टिकून आहे.

संसर्ग-नियंत्रण समितीचे काम, शस्त्रक्रियागृहांची देखरेख, जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम, वॉर्डातील प्रतिजैविकांच्या वापरावर लक्ष, ही कामे आता याच तज्ज्ञाकडे येतात. धोकाही त्याच्याच वाट्याला येतो. ब्रुसेला वाढलेली प्लेट उघड्यावर हाताळणे किंवा जुन्या सवयीने हुंगणे यातून प्रयोगशाळेतच संसर्ग झाल्याची उदाहरणे जगभर आहेत. संशयित प्लेट सुरक्षा-कक्षातच उघडावी.

एका सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाच्या शंकेने देशाचे आरोग्यधोरण कसे बदलते, याचे उदाहरण म्हणून सुनीती सॉलोमन यांच्याकडे पाहावे. माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय कुटुंबातील. मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असताना १९८६ मध्ये त्यांनी आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांना एचआयव्हीसाठी रक्तनमुने गोळा करण्याचे काम दिले. भारतात हा रोग नाही असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. नमुने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तपासले गेले आणि देशातील संसर्गाचा पहिला पुरावा मिळाला. पुढे सॉलोमन यांनी विभाग सोडून रुग्णांच्या सेवेसाठी स्वतंत्र केंद्र उभारले.

नोकरीची ठिकाणे : वैद्यकीय महाविद्यालये, खासगी रुग्णालये व साखळी प्रयोगशाळा, पुण्यातील राष्ट्रीय विषाणू संस्था (स्थापना १९५२, विषाणू संशोधन केंद्र या नावाने) आणि राज्य आरोग्य प्रयोगशाळा, तसेच जिल्हा पातळीवरील सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा. परदेशात जाऊ इच्छिणाऱ्यांना ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ पॅथॉलॉजिस्ट्सची एफ.आर.सी.पॅथ. परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेत प्रयोगशाळा-संचालकपद पीएच.डी. धारकांनाही खुले असून त्यासाठी स्वतंत्र बोर्ड परीक्षा आहे.